नऊ आकड्याची शाळा, चार आकड्याची शाळा



दोन महिन्यांपूर्वी एका रविवारी दुसरा मिस्सा आटोपून आम्ही बाहेर येत होतो, तोच आपल्या एका वाडीतील आजी मोबाइल हातात धरून पुढे आल्या. "फादर, जरा मुलाशी बोला. घराचं चाललंय," एवढेच म्हणाल्या आणि फोन आमच्या कानाला लावला.

मुलगा अमेरिकेत मेरीलँड राज्यात नोकरीला आहे. राजधानी वॉशिंग्टनच्या उत्तरेला लागूनच माँटगोमेरी काउंटी आहे, तेथे तो राहतो. काउंटी म्हणजे आपला तालुका आणि जिल्हा यांच्या मधले काहीतरी समजा. या काउंटीची लोकसंख्या दहा लाखांच्या वर आहे. त्याची मुलगी पाचवी संपवून सहावीत जाणार. तिकडे सहावी ते आठवीची वेगळी शाळा असते, तिला मिडल स्कूल म्हणतात. शाळा सरकारी, फी नाही. पण कोणत्या शाळेत जायचे हे घराच्या पत्त्यावरून ठरते. म्हणून घर घेताना लोक आधी शाळा पाहतात.

त्याच्यापुढे दोन घरे होती. एक काउंटीच्या पश्चिमेला, लहान आणि भलतेच महाग. घरांच्या जाहिरातीत शेजारी शाळेचा आकडा दिलेला असतो, दहापैकी. या घराच्या शाळेचा आकडा नऊ. दुसरे घर पूर्वेला, ऐसपैस, परवडणारे, कामाच्या ठिकाणाजवळ. त्याच्या शाळेचा आकडा चार. "फादर, परवडत असताना मुलीला चारच्या शाळेत घातलं तर ते पाप होईल का?" त्याने हसतच विचारले. मागून सूनबाईंचा आवाज येत होता, त्या हसत नव्हत्या.

आम्ही थोडा वेळ मागून घेतला. सेमिनरीत तत्त्वज्ञान शिकताना एक खोड लागली ती अजून सुटलेली नाही: कोणी दोन गोष्टींची तुलना केली की आधी विचारायचे, माप कोणते लावले? नऊ म्हणजे कशाचे नऊ? त्यासाठी जे वाचले, ते आपल्यापुढे ठेवत आहोत. आपल्यापैकी पुष्कळांची मुले-नातवंडे तिकडे आहेत, आणि जी इकडे आहेत त्यांच्याही शाळांची तुलना आपण रोजच करतो.

हा आकडा देणारी ग्रेटस्कूल्स ही ना-नफा संस्था कॅलिफोर्नियात १९९८ मध्ये सुरू झाली. पुष्कळ वर्षे तिचा आकडा मुख्यतः राज्याच्या परीक्षेतील गुणांवर उभा होता. शाळेतील किती मुले ठरावीक पातळी गाठतात ते पाहायचे आणि इतर शाळांशी ताडून एक ते दहामध्ये बसवायचे. २०१७ मध्ये तिने रीत बदलली. मुलांनी वर्षभरात किती प्रगती केली आणि गरीब घरांतील मुलांचे काय होते, हेही त्यात धरले जाऊ लागले. मेरीलँड राज्य स्वतःही शाळांना एक ते पाच तारे देते. ते पहिल्यांदा डिसेंबर २०१८ मध्ये जाहीर झाले. त्यातही गुणांखेरीज प्रगती, हजेरी वगैरे गोष्टी येतात. तुलना करणारे अगदीच निष्काळजी आहेत असे नाही. पण घर घेणारा आतले तपशील उघडून पाहत नाही. तो आकडा पाहतो.

परीक्षेतील सरासरी गुण नेमके काय सांगतात, हा प्रश्न अमेरिकेत जुना आहे. १९६४ च्या नागरी हक्क कायद्याने आदेश दिला म्हणून जेम्स कोलमन या समाजशास्त्रज्ञाने देशभर पाहणी केली. सुमारे सहा लाख विद्यार्थी आणि चार हजार शाळा. कोलमन तेव्हा बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात होते, म्हणजे याच मेरीलँड राज्यात. अपेक्षा अशी होती की गरीब वस्तीतील शाळांची इमारत, पुस्तके, प्रयोगशाळा कमी पडतात आणि म्हणून मुले मागे राहतात, असे दिसून येईल. १९६६ च्या अहवालात निघाले वेगळेच. मुलांच्या गुणांतील फरकाचा मोठा भाग घरच्या परिस्थितीशी जुळत होता. शाळेच्या साधनांशी त्याचा संबंध त्या मानाने थोडा होता. आणि वर्गात सोबतीला कोणती मुले आहेत, याचाही परिणाम दिसत होता. पुढे या अहवालावर रणे माजली, पण तो मूळ शोध पूर्ण पुसला गेला नाही.

आपल्याकडच्या भाषेत सांगायचे तर, दोन वाड्या शेजारी आहेत. एकीच्या विहिरीला गोडे पाणी, दुसरीच्या विहिरीत समुद्राचा खार शिरलेला. पहिली हिरवीगार, दुसरीत पाने करपलेली. रस्त्यावरून जाणारा म्हणतो, पहिल्या वाडीचा मालक मोठा कसबी. कदाचित असेलही. पण खाऱ्या पाण्यावर दुसऱ्याने जी चार झाडे जगवली, त्यात कसब अधिक लागले नसेल कशावरून? हिरवेपण मोजून ते कळणार नाही. आरंभी काय होते आणि शेवटी काय झाले, दोन्ही मोजावे लागेल. सहावीत दोन इयत्ता मागे असलेली मुले आठवीअखेर एकाच इयत्तेने मागे राहिली, तर त्या शिक्षकांनी मोठे काम केले. सहावीत पुढे असलेली मुले आठवीतही तेवढीच पुढे असतील, तर तेथेही काम झाले, पण ते वेगळे. सरासरीच्या आकड्यात पहिली शाळा 'नापास' आणि दुसरी 'उत्तम' दिसते.

या काउंटीची आणखी एक गोष्ट ध्यानात घेण्यासारखी आहे. अमेरिकेत पुष्कळ ठिकाणी लहान लहान गावांचे स्वतंत्र शाळा-विभाग असतात आणि गावाच्या घरपट्टीवर शाळा चालतात, त्यामुळे श्रीमंत गावाची शाळा श्रीमंत. मेरीलँडमध्ये तसे नाही. तेथे काउंटी हाच शाळा-विभाग. २३ काउंट्या आणि बाल्टिमोर शहर मिळून सगळे २४ विभाग. माँटगोमेरीत सुमारे १ लाख ६० हजार मुले आणि चाळीसच्या आसपास मिडल स्कूल. सगळ्यांचा अधीक्षक एक, शिक्षकांची वेतनश्रेणी एक, अभ्यासक्रम एक. बेथेस्डा, पोटोमॅककडच्या शाळेत आणि सिल्व्हर स्प्रिंग, व्हीटनकडच्या शाळेत सहावीचे गणित तेच. उलट गरीब भागातील शाळांना जास्त पैसा दिला गेला. जेरी वीस्ट हे १९९९ ते २०११ अधीक्षक होते. त्यांनी काउंटीचे लाल आणि हिरवा असे दोन विभाग पाडले आणि गरिबी जास्त असलेल्या लाल विभागात खालच्या इयत्तांचे वर्ग लहान केले, पूर्ण दिवसाची बालवाडी दिली.

मग नऊ आणि चार यांच्यात फरक कशाचा? बराचसा शेजाऱ्यांचा. पश्चिमेला आईवडील दोघे पदवीधर, घरात स्वतंत्र खोली, संध्याकाळी शिकवणी. पूर्वेला पुष्कळ मुले एल साल्वादोर, इथिओपिया अशा देशांतून आलेल्या कुटुंबांतील, घरी वेगळी भाषा, आईवडील दोन दोन पाळ्या करणारे. आपल्या आजींचा मुलगा 'शाळा' निवडतो आहे असे त्याला वाटत होते. खरे म्हणजे तो शेजार निवडत होता, आणि शेजाराची किंमत मोजत होता. सँड्रा ब्लॅक या अर्थशास्त्रज्ञ बाईंनी १९९९ मध्ये बॉस्टनच्या उपनगरांतील घरांचा हिशेब मांडला. शाळेच्या हद्दीच्या अलीकडची आणि पलीकडची घरे त्यांनी ताडून पाहिली. वस्ती तीच, शाळा मात्र वेगळी. परीक्षेचे गुण पाच टक्के जास्त असले की घरासाठी लोक अडीच टक्के जास्त देत होते.

सरासरी कशी फसवते याचे एक उदाहरण याच काउंटीत आहे. टाकोमा पार्क मिडल स्कूलमध्ये गणित-विज्ञानाचा आणि ईस्टर्न मिडल स्कूलमध्ये भाषा व मानव्यविद्यांचा खास अभ्यासक्रम चालतो. त्यासाठी निवडलेली हुशार मुले इतर भागांतून येतात आणि त्यांचे गुणही त्याच शाळेच्या सरासरीत मिसळतात. त्यामुळे शेजारच्या गल्लीतून चालत येणाऱ्या मुलाच्या वर्गात काहीही बदल न होता शाळेचा आकडा वर जाऊ शकतो.

यावर कोणी म्हणेल, मग तुलना बंदच करा. आम्हाला ते पटत नाही. २००२ मध्ये अध्यक्ष जॉर्ज बुश यांनी सही केलेल्या कायद्याने शाळांना नुसती सरासरी सांगण्याची मुभा ठेवली नाही. गरीब मुले, कृष्णवर्णीय मुले, स्पॅनिशभाषक घरांतील मुले, इंग्रजी नव्याने शिकणारी, अपंग मुले, असे प्रत्येक गटाचे निकाल वेगळे दाखवावे लागले. तेव्हा कित्येक नामांकित शाळांचे झाकलेले उघडे पडले. सरासरी उत्तम, पण गरीब मुले मागच्या बाकावर तशीच. ज्याची मोजदाद होत नाही, तो कोणाच्या नजरेत येत नाही. त्या कायद्याचे हे पुण्य मान्य केलेच पाहिजे. पण त्याच कायद्याने २०१४ पर्यंत सर्व मुले पातळी गाठतील असे फर्मान काढले आणि न जमल्यास शाळांना शिक्षा ठेवली. फर्मान अर्थातच पुरे झाले नाही, आणि डिसेंबर २०१५ मध्ये तो कायदा जाऊन दुसरा आला.

आकड्यावर माणसाचे पोट अवलंबून ठेवले की आकडा बिघडतो आणि माणूसही बिघडतो, हे मानसशास्त्रज्ञ डोनाल्ड कॅम्पबेल यांनी १९७० च्या दशकातच लिहून ठेवले होते. अटलांटा शहरात २०११ मध्ये राज्याच्या चौकशीत दिसले की तपासलेल्या ५६ पैकी ४४ शाळांत उत्तरपत्रिकांत फेरफार झाले होते आणि १७८ शिक्षक-मुख्याध्यापक त्यात गुंतले होते. २०१५ मध्ये अकरा जणांना न्यायालयाने दोषी ठरवले. ही सगळी माणसे मुळात दुष्ट होती असे आम्हाला वाटत नाही.

का वाटत नाही, ते सांगायला हवे, आणि ते सांगणे आम्हाला आवडत नाही. पुष्कळ वर्षांपूर्वी दुसऱ्या एका धर्मग्रामात आम्ही सहायक धर्मगुरू होतो आणि तेथील शाळेच्या व्यवस्थापन समितीवर होतो. नववीत एक मुलगा होता, गणित आणि इंग्रजी कच्चे. बैठकीत विषय निघाला की हा दहावीला बसला तर निकाल शंभर टक्के लागणार नाही. उपाय सर्वांना ठाऊक होता. त्याने शाळा सोडल्याचा दाखला घ्यायचा, १७ नंबरचा फॉर्म भरायचा आणि खासगी विद्यार्थी म्हणून बसायचे. मग त्याचा निकाल शाळेच्या निकालात धरला जात नाही. वडिलांना समजवायचे काम आमच्याकडे आले, कारण फादरांचा शब्द ते मोडणार नाहीत. आम्ही त्यांना म्हणालो, मुलाच्या भल्याचेच आहे, ताण कमी होईल. ते म्हणाले, "फादर म्हणतात तर तसं." त्या वर्षी देवळाच्या फाटकावर 'शंभर टक्के निकाल' असा फलक लागला आणि त्याखाली उभे राहून आम्ही फोटोही काढून घेतला. मुलगा दहावीला बसलाच नाही. तीन वर्षांपूर्वी एका लग्नात तो भेटला, आता टेम्पो चालवतो. "फादर, ओळखलंत?" म्हणाला. ओळखले होते. त्याच्या बोलण्यात राग नव्हता. तो असता तर आम्हाला सोपे गेले असते.

म्हणून आम्हाला दोन शब्दांतला भेद महत्त्वाचा वाटतो: 'चांगली शाळा' आणि 'वरची शाळा'. 'ही शाळा चांगली आहे का?' या प्रश्नाला चाळीसच्या चाळीस शाळा 'होय' म्हणू शकतात. मुले वाचायला शिकतात, सुरक्षित असतात, कोणी एक शिक्षक त्यांना नावाने ओळखतो, एवढे सगळीकडे होऊ शकते. 'ही शाळा वरची आहे का?' या प्रश्नाला तसे उत्तर देताच येत नाही. उद्या चाळीसही शाळा दुप्पट सुधारल्या, तरी वीस शाळा खालच्या अर्ध्यात राहतीलच. पहिल्या प्रश्नात आपल्या मुलाची भूक आहे, दुसऱ्यात दुसऱ्याच्या ताटाकडे पाहणे आहे. आकडा हा दुसऱ्याच प्रश्नाचे उत्तर देतो, आणि आपण ते पहिल्याचे समजून घेतो.

तरी सूनबाईंची बाजू आहेच, आणि ती हलकी नाही. आपल्या पोटच्या पोरीवर प्रयोग का करावा? तेराव्या शतकात संत थॉमस अक्वायनस यांनी प्रेमालाही क्रम असतो असे मांडले. जे आपल्याला जवळचे, त्यांच्याबद्दलचे कर्तव्य आधी. सगळ्या जगाच्या मुलांवर सारखेच प्रेम करतो असे म्हणणारा बाप बहुधा आपल्या मुलीचा गृहपाठ पाहत नसतो. काउंटीतील विषमता मिटवण्याचा भार अकरा वर्षांच्या मुलीच्या दप्तरात घालायचा नाही, हे आम्हाला मान्य आहे. पण आधी म्हणजे केवळ तेच नव्हे. आणि येथे एक अडचण अशी की प्रत्येक सुस्थितीतले कुटुंब चारच्या शाळेपासून दूर गेले, की ती शाळा खरोखरच आणखी चारची होते. आकडा पाहून आपण निवड करतो, आणि आपली निवडच पुढचा आकडा घडवते.

हे नुसते तर्काचे नाही. १९७० च्या दशकापासून या काउंटीत एक कायदा आहे. नवी मोठी वसाहत बांधणाऱ्याने १२ ते १५ टक्के घरे परवडणाऱ्या किमतीची ठेवायची, आणि त्यांतील काही घरे सरकारी गृहनिर्माण संस्था विकत घेऊन गरीब कुटुंबांना भाड्याने देते. कोणाला कोणत्या भागात घर मिळेल हे नशिबावर. हीदर श्वार्ट्झ या संशोधक बाईंनी अशा घरांतील सुमारे ८५० मुलांचा प्राथमिक शाळेतील प्रवास पाहिला आणि २०१० मध्ये निष्कर्ष मांडले. काही मुले गरिबी कमी असलेल्या हिरव्या विभागातील शाळांत पडली, काही जादा पैसा मिळणाऱ्या लाल विभागातील शाळांत. पाच ते सात वर्षांनी पहिल्या गटातील मुले पुढे होती. काउंटीतील सुस्थितीतल्या मुलांशी असलेले गणितातील अंतर त्यांनी सुमारे निम्म्याने कमी केले. जादा पैशाने जे साधले नाही, ते सोबतीने बरेचसे साधले. ही प्राथमिक शाळांची गोष्ट आहे, मिडल स्कूलला जशीच्या तशी लावू नये. पण आपले मूल ज्या वर्गात बसते, त्या वर्गातील इतरांना ते काहीतरी देत असते, हे त्यातून दिसते. देणारे आणि घेणारे, दोघांनाही ते कळत नाही.

मात्र हद्दी बदलायच्या म्हटले की काय होते पाहा. २०१९ मध्ये काउंटीच्या शिक्षण मंडळाने सगळ्या शाळांच्या हद्दींचा अभ्यास करायचे ठरवले. केवळ अभ्यास, बदल नव्हे. तरी पालकांच्या सभा तापल्या. जॉन रॉल्स या तत्त्वज्ञाने १९७१ च्या आपल्या ग्रंथात एक कल्पना मांडली होती: समाजाचे नियम ठरवताना त्यात आपली जागा कोणती असेल हे आपल्याला ठाऊक नाही असे समजा. काउंटीचा नकाशा समोर ठेवून पेन्सिल हातात घ्या. आपली मुलगी उद्या रेषेच्या कोणत्या बाजूला जागी होईल हे ठाऊक नसताना तुम्ही रेषा कोठे ओढाल? सभेतील लोकांना आपले घर कोठे आहे ते पक्के ठाऊक होते.

महिन्याभरापूर्वी आम्ही आजींच्या मुलाला फोन केला. पाप वगैरे काही नाही म्हणालो, दोन्हीकडे. पण आकडा बाजूला ठेवून दोन्ही शाळांत जाऊन ये. विचार की दरवर्षी किती शिक्षक सोडून जातात. आठवीपर्यंत बीजगणित शिकायची सोय आहे का, आणि ते कोणाला शिकू देतात. मागे पडलेल्या मुलाचे ही शाळा काय करते. हा शेवटचा प्रश्न विचारताना आमचा आवाज थोडा अडखळला असावा, कारण त्याने "फादर, आहात ना?" असे विचारले. तो जाऊन आला. नऊच्या शाळेत गणिताचे वर्ग खरोखर उत्तम. चारच्या शाळेत मुख्याध्यापिका फाटकात उभ्या राहून मुलांना नावाने हाक मारत होत्या, बीजगणिताचाही वर्ग होता, पण गेल्या वर्षी सहा शिक्षक सोडून गेले. निर्णय अजून झालेला नाही. सूनबाईंचे मत नऊकडे आहे आणि त्यांच्याजवळ कारणे आहेत. आजींचे म्हणणे एवढेच की पोरीला शाळेत चालत जाता आले पाहिजे.

आपल्या शाळेचा दहावीचा निकाल लवकरच लागेल. फाटकावर टक्केवारीचा फलक लावावा की लावू नये, हा विषय आम्ही पालक-शिक्षक संघापुढे ठेवला आहे. त्याचबरोबर गेल्या पाच वर्षांत नववीतून किती मुलांनी दाखला नेला आणि ती आता कोठे आहेत, याची यादी करायला मुख्याध्यापिका बाईंना सांगितले आहे. बैठक पुढच्या रविवारी दुसऱ्या मिस्सानंतर शाळेच्या सभागृहात होईल. ज्यांची मुले या शाळेत नाहीत, त्यांनीही यावे.